भिंतीवरचा थाळा

गळकी घागर उकिरड्यावर टाकणाऱ्या बाईचा मला राग यायचा, आणि तीच घागर नुसती माळ्यावर ठेवून धूळ खाऊ देणाऱ्या बाईचा त्याहून जास्त. मी ग्रामसेविका होते, आणि तोंडानं थोडी फटकळच होते. सत्तावन्न साल चाललं होतं. आमचा परभणी जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आल्याला वर्ष होत आलं होतं, कचेरीवरच्या पाट्या बदलून झाल्या होत्या, आणि विकास खात्यानं मला शहरातून उचलून पेडगावात आणून बसवलं होतं. बिनधुराची चूल, शिवण, परसबाग, लेकरांची आंघोळ हे सगळं शिकवायचंच. पण मला खरी गोडी लागली ती 'टाकाऊतून टिकाऊ'ची. जुन्या भांड्यांतून घरात शोभेल असं काहीतरी करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

गावचे पाटील आबासाहेब यांनी आपल्या घराची रस्त्याकडची पडवी आणि तिच्यामागची एक खोली मला दिली होती. पडवीत वर्ग भरायचा, खोलीत मी राहायचे. समोर कडुनिंब, त्याच्यापुढं ज्वारीची रानं, आणि वारा तिकडून असला की स्टेशनातल्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. दिवाळीनंतर परभणीला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं, त्यात माझ्या बायकांच्या वस्तू मांडायच्या असा माझा बेत होता. वर्गातल्या धुरपताबाईनं बूड गेलेला तांब्याचा हंडा आणला, त्याची आम्ही झाडाची कुंडी केली. कुणाची पितळी चाळण होती, ती कंदिलाभोवती बसवली तर भिंतीवर उजेडाची रांगोळी पडायची. वाकड्या पळ्या आणि झारे दारामागं खुंट्या म्हणून ठोकले. चेपलेल्या परातींवर तेलरंगानं चित्रं काढून त्या भिंतीला लावल्या.

"समदी ताटं भिताडाला टांगल्यावर जेवायचं कशात वं बाई, हातावर?" धुरपताबाई विचारायची, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"तुम्ही आधी हात धुवून जेवायला शिका, मग ताटाचं बघू," असं मी म्हणायचे. असं आमचं बरं चाललं होतं.

सुगंधाबाई वर्गाला कधी येत नसे. धनगरांची घरं गावाच्या ओढ्यापलीकडं होती, आणि मेंढरामागं फिरणाऱ्या बाईला दुपारचा वेळ कुठला. ती आली ती वर्ग सुटल्यावर. पायरीशी उभी राहिली. अंगानं काटक, कपाळावर ठसठशीत आडवं कुंकू, दंडात चांदीच्या वाक्या, आणि काखेत घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुमी भांड्याचं कायबी करून देता म्हणं."

"कायबी नाही, शोभेचं करतो. वर या, बसा."

ती बसली आणि तिनं घोंगडी उलगडली. आत काशाचा थाळा होता. चांगला जड, जुन्या घडणीचा, मधोमध जेवून जेवून झिजलेला, पण काठाला एक टवका उडालेला नव्हता. काशाचं भांडं एवढी वर्षं न फुटता राहिलं म्हणजे ज्या घरात होतं तिथं त्याला जपलं असणार.

"अहो, हा तर धडधाकट आहे," मी म्हणाले. "गळकं, फुटकं आणा म्हणते मी. चांगल्या भांड्याचं वाटोळं कशाला? जेवा की यात खुशाल."

"म्हणून तर आणलाय," ती म्हणाली. "त्यात वाढता येऊ न्हाई असं कायतरी करून द्या."

पुढची हकीकत मला थोडी तिच्याकडून कळली आणि थोडी नंतर धुरपताबाईकडून, कारण सुगंधाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. त्याचं नाव उमाजी. रझाकारांच्या धामधुमीत, लोक घरंदारं टाकून पळत होते त्या पावसाळ्यात, उमाजी मेंढरं वाचवायला म्हणून कळप घेऊन गंगेच्या अंगाला गेला. आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरीच. आठ-पंधरा दिवसांत येतो म्हणाला. काही दिवसांनी कुत्रं एकटंच परत आलं. मागाहून दोन मेंढ्या आल्या. तो आला नाही. धाकटा भाऊ अंगद नदीकाठानं गावोगाव विचारत फिरला. प्रेत सापडलं नाही, घोंगडी नाही, काठी नाही.

तेव्हापासून सुगंधाबाई रोज दुपारी उमाजीचा थाळा वाढत आली होती. भाकरी, कोरड्यास, जे असेल ते. दिवस कलला की थाळा उचलायचा आणि अन्न कुत्र्याला घालायचं. आठ-नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता.

"आणि कुणी खात नाही ते," मी म्हणाले. मला हसू यायला लागलं होतं, पण तिचं तोंड बघून मी ते गिळलं.

"त्याच्यावरनं तर कळतंय की," ती अगदी सरळपणानं म्हणाली. "जित्या माणसाचं घरी वाढलेलं कोण खाईल? ते जिथं असतील तिथं जेवायलेत. मेलेलं असतं तर आलं असतं भुकेला. मेलेलं माणूस घरच्याच अन्नाला येतंय. इवढ्या वर्सात थाळ्यातला एक घास हालला न्हाई, बाई. ते जित्ते हायेत."

हिशेब तिच्या परीनं पक्का होता.

"मग आता काय बदललं?"

थाळ्याच्या काठावरून बोट फिरवत ती सांगू लागली. अंगदची बायको बाळंतपणात गेली होती, त्यालाही बरेच दिवस झाले होते. त्यांच्या जातीत विधवेला, टाकलेल्या बाईला दिराशी पाट लावता येतो. पंच म्हणाले होते, किती वाट बघशील, दिवाळी झाली की अंगदच्या घरात जा. अंगदनं कधी वाकडा शब्द काढला नव्हता. भावाच्या उरलेल्या दोन मेंढ्यांची त्यानं वीसेक केली होती, आणि ती तिचीच म्हणून वेगळी राखली होती.

"अंगद चांगला हाय. मी हो म्हनलेय," ती म्हणाली. "त्यांनी तिकडं दुसरी केली असंल तर मी कामून जळत बसू? पण हा थाळा म्होरं दिसला की हात वाढायलाच जातोय. मोडीत घालवत न्हाई. ह्याच्यात अंगदला वाढवत न्हाई. तुमी भितीला लावा. मग नुसतं बघीन."

ती बाई त्या वेळी मला मनापासून आवडली. गावात येऊन इतके महिने झाले होते, पण माझ्या त्या 'टाकाऊतून टिकाऊ'चा खरा उपयोग कुणाला झाला असेल तर हिलाच, असं मला वाटलं. मी थाळा ठेवून घेतला.

"काय चित्र काढू?"

"मेंढरं सोडून कायबी."

काशाला खिळा ठोकला तर ते तडकतं, म्हणून परभणीला जाऊन कासाराकडून काठाला छिद्र पाडून आणलं. मग आधी पांढरा हात दिला, तो वाळू दिला, आणि त्यावर करडईची फुलं काढली. मधोमध एक मोठा झुबका, काठानं काट्याची पानं. चित्र छान साधलं. प्रदर्शनात पहिलं मांडायचं ते हेच असं मी ठरवून टाकलं आणि थाळा पडवीच्या भिंतीवर, परातींच्या ओळीत, मध्ये टांगला.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी वर्गाच्या आधी मी पडवी झाडायला आले, तर थाळ्याच्या मधली फुलं नव्हती. रंग खरवडलेला नव्हता. खाली भिंतीवर ओघळ नव्हता, जमिनीवर कपची पडलेली नव्हती. काठावरची पानं जागच्या जागी होती आणि मधला सगळा भाग घासून पुसून ठेवल्यासारखा लख्ख होता. अगदी धातू दिसत होता. शेजारच्या परातींना बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

मी धुरपताबाईला फैलावर घेतलं. ती म्हणाली, मला काय तेवढाच उद्योग हाय का. मग मी म्हणाले, उंदीर. तेलरंगात जवसाचं तेल असतं, आणि तेलावर उंदीर येतात, बैलगाडीच्या वंगणावरसुद्धा येतात, ही माझी स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. उंदरानं बाकीच्या पराती का सोडल्या, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि बाजूला ठेवला. पुन्हा पांढरा हात दिला, पुन्हा फुलं काढली. चार दिवस धीर धरला. पाचव्या दुपारी मधली फुलं गेलेली होती.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मेहनत मी करायची आणि नासधूस दुसऱ्यानं. तिसऱ्यांदा रंगवलेला थाळा मी आतल्या खोलीत नेला. तिथं एका उघड्या भिंतीवर, आढ्यापासून लांब, खाली माझी चामड्याची ट्रंक आणि आजूबाजूला चढायला काही नाही, अशा जागी लाकडी खुंटी ठोकून तो लावला. रंग वाळला. जेवणाच्या वेळेला दाराला आतून कडी घातली आणि त्याच्यासमोर स्टोव्ह घेऊन बसले. बघू म्हटलं कोण येतंय.

स्टोव्ह फुरफुरायला लागला. हवा भरायला मी मान खाली घातली.

घोंगडीचा वास आला. भिजलेल्या घोंगडीला येतो तो, उग्र, मेंढरांचा. बाहेर आश्विनातलं ऊन रखरखत होतं.

मान वर केली तेव्हा थाळा भिंतीवर होता आणि मधली फुलं नव्हती.

मी घाबरले का? घाबरले. पण त्याहून जास्त मला वैताग आला, कारण उंदीर म्हणायची सोय राहिली नव्हती आणि दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. मी कडी काढली, पडवीत येऊन बसले आणि वर्गाला आलेल्या बायकांना त्या दिवशी दोनदा उगाच रागावले. थाळा तसाच राहू दिला. पुन्हा रंगवायला हात झाला नाही.

सुगंधाबाई तो बघायला आली. मी म्हणाले, अजून झाला नाही, नंतर या. पण दार उघडं होतं आणि तिला समोरच दिसला.

"मधीच कामून सोडलाय, बाई?"

"उंदरांनी रंग खाल्ला."

ती आत गेली. टाचा उंचावून तिनं थाळ्याच्या मध्यावर हात ठेवला.

"एकडावच?"

"नाही. तीनदा."

"कवा? दुपारचं?"

मी मान हलवली. ती वळली आणि खोलीभर बघू लागली. ट्रंकेवर, ट्रंकेखाली, दारामागं. काय शोधते ते मला कळेना.

"हितं विळा ठिवला न्हाई का तुमी?"

"विळा कशाला ठेवीन मी?"

"भांड्यापशी."

मग तिनं सांगितलं. वाढलेलं अन्न उघडं ठेवून जायचं असलं की जवळ लोखंड ठेवायचं, म्हणजे वाईटवंगाळ काही त्याला शिवत नाही. बाळंतिणीच्या उशाला ठेवतात तसंच. तिच्या आईनं तिला शिकवलेलं, तिथल्या सगळ्याच बाया करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नवऱ्याचा थाळा वाढून ती कामाला जायची, घर मोकळं असायचं. म्हणून रोज थाळा वाढला की ती त्याच्यापुढं विळा आडवा ठेवायची.

हे सांगता सांगता ती थांबली.

मला ते तिच्यानंतर कळलं. ती ट्रंकेला धरून खाली बसली.

"म्या शिवू दिलं न्हाई," ती म्हणाली. "रोज येत असतील दारात. रोज वाढलेलं बघत असतील. अन् म्या रोज आडवं लोखंड ठिवलं."

"सुगंधाबाई, उंदीर होते ते. तेलरंगाला उंदीर येतात. मी सांगते ना."

"रंग खाल्ला त्यांनी, बाई," ती म्हणाली. "किती भूक लागली असंल."

मी बरंच बोलले. शिकलेल्या माणसानं बोलावं ते सगळं बोलले, आवाज चढवून बोलले. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. सावकाश, सगळं निघेपर्यंत. ती रडली नाही. तिनं थाळा खुंटीवरून उतरवला, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.

पुढच्या आठवड्यात अंगद आला. मी त्याला आधी नीट पाहिलेला नव्हता. उंच, खांद्यावर घोंगडी, बोलताना खाली बघायचा. वर बोलावलं तरी पायरीवरच बसला.

"वैनीनं पंचायला न्हाई म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "दोगांला वाढायला मला जमायचं न्हाई म्हणती. थाळ्यावरचा समदा रंग राखेनं घासून काढला. आता दुपारचं विळा न ठिवता वाढती. दार लोटून घेती. म्हणती, ते जेवून जातेत."

"तुम्ही पाहिलंत?"

"मला आत घेत न्हाई ती. तुमी चला, बाई. तिच्याशी माझं बोलणं झालंय. तुमच्या डोळ्यादेखत थाळा भरलेला तसाच ऱ्हायला, तर उंदरानं खाल्लं म्हणून मानंल ती. मग पाटाला तयार हाय."

"आणि नाही राहिला तर?"

तो घोंगडीच्या दशा ओढत बसला.

"मला वाटतंय थाळा तसाच ऱ्हावा," तो शेवटी म्हणाला. "लय दिवस झाले मी बी एकलाच हाय, खोटं कशाला बोलू. पण माझा सख्खा भाऊ हाय तो. आला असंल तर उपाशी जावा, असं बी वाटत न्हाई मला."

मी त्याच दुपारी गेले. या दोन माणसांचं चांगलं व्हावं असं मला फार वाटत होतं, आणि ते माझ्या एका साक्षीवर होणार असेल तर साक्ष द्यायला मी तयार होते.

सुगंधाबाईचं घर म्हणजे मातीच्या चार भिंतींवर टाकलेलं छप्पर. एक दार. खिडकी नाही. तिनं सारवून घेतलेलं होतं. मी सगळ्या कडा बघितल्या, कोपऱ्यातली मडकी हलवून बघितली. उंदराचं बीळ नव्हतं. कुत्रं मी बाहेर बांधायला लावलं. अंगद दाराबाहेर उंबऱ्याकडं पाठ करून बसला.

"अंगावर लोखंड असंल तर भायेर ठिवा," सुगंधाबाई म्हणाली.

मी किल्ल्यांचा जुडगा काढला, केसांतल्या पिना काढल्या. वेड्यासारखं वाटत होतं, पण काढल्या. तिनं विळा उचलून अंगदच्या हातात दिला.

पलीकडच्या भिंतीशी तिनं घोंगडी घडी करून घातली. तिच्यासमोर थाळा मांडला. दोन ज्वारीच्या भाकरी, बरंच पिठलं, कांदा. बाजूला पाण्याचा तांब्या. थाळ्यावर माझ्या रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. तिनं दार लोटलं, फटीतून उजेडाची एक रेघ आत राहिली.

"आता पाठ करून बसा."

"मी बघायला आलेय, सुगंधाबाई."

"पुरुषमाणूस जेवताना आमच्यात बायका त्याच्या तोंडाकडं बघत न्हाईत."

मी वाद घातला नाही. पण तिलाही माझ्याशेजारी, थाळ्याकडं पाठ करून बसवलं, आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले. तिनं धरू दिले.

आम्ही बसलो. ती यंदाच्या चाऱ्याबद्दल काहीतरी बोलली. मी हूं म्हणाले. कुठंतरी लांब गाडीची शिट्टी झाली.

मग ती बोलायची थांबली.

भिजलेल्या घोंगडीचा वास आला.

मागं काही वाजलं नाही. भांडं नाही, पाऊल नाही, काही नाही. फक्त तिचे हात माझ्या हातांत गार पडत गेले.

"झालं," ती म्हणाली.

मी वळले.

आधी दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं, फटीतून अंगदची पाठ दिसत होती.

थाळ्यातलं पिठलं संपत आलं होतं. तळाला पातळ थर राहिला होता. भाकरी मात्र दोन्ही तशाच होत्या. वरच्या भाकरीची एक कड तेवढी ओली होती, कुणी दातांत धरून ओढून बघितल्यासारखी.

"भाकर कामून ठिवली," सुगंधाबाई हळू म्हणाली. ती उठली आणि त्या घोंगडीवर जाऊन बसली, जेवणारा बसतो तशी, थाळा समोर घेऊन. पुढं वाकून बघू लागली.

मीही वाकले. पिठल्याच्या थरात बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. चार बोटं आणि अंगठा.

तिनं आपला उजवा हात त्या खुणांवर ठेवला. अंगठा जुळेना. खुणेतला अंगठा एका बाजूला आणि तिचा दुसऱ्या बाजूला पडत होता. तिनं हात उचलला.

मग डावा हात ठेवला.

पाचही बोटं खुणांवर बसली.

उजवा हात असलेलं माणूस डाव्या हातानं जेवत नाही. कितीही भूक असली तरी नाही.

"अंगद," तिनं दाराकडं न बघता हाक मारली. "तुझ्या भावाला उजवा हात न्हाई रं. भाकर मोडाय येईना त्यांना."

विळा उंबऱ्याबाहेर मातीत ठेवल्याचा आवाज आला, आणि मग त्याची पावलं मेंढरांकडं गेली.

सुगंधाबाईनं वरची भाकरी हातात घेतली.

"उद्यापसनं कुस्करून वाढते," ती म्हणाली, आणि भाकरीचा एकेक तुकडा बोटांनी बारीक करून थाळ्याच्या डाव्या अंगाला ठेवू लागली.